वेगाचा ताप

एप्रिल-मेच्या दुपारी कसारा घाटात बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या ठाणे-कल्याणकडच्या एका पिढीने नेहमी पाहिल्या आहेत. रेडिएटरमधून वाफ येते आहे, क्लीनर डबा घेऊन पाणी शोधायला गेला आहे आणि ड्रायव्हर सगळ्यांना बजावतो आहे, झाकणाला कोणी हात लावू नका. गाडी जुनी झाली म्हणून तापली, असे लोक म्हणत. पण बऱ्याचदा दोष वयाचा नसे. घाट चढताना गाडी खालच्या गिअरमध्ये असते आणि इंजिन पूर्ण जोर लावत असते, त्यामुळे उष्णता भरपूर तयार होते. नेमका त्याच वेळी गाडीचा वेग कमी असतो, म्हणून समोरून रेडिएटरमध्ये घुसणारा वाराही कमी असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा ही तूट पूर्णपणे भरून काढू शकत नाही. जेवढी उष्णता तयार होते तेवढी बाहेर पडत नाही आणि पाणी उकळते.

उष्णता किती तयार होते आणि किती बाहेर जाते, या एकाच प्रश्नासाठी मोटार शर्यतींच्या मोठ्या संघांत स्वतंत्र अभियंते नेमलेले असतात. त्यांना थर्मल परफॉर्मन्स इंजिनिअर म्हणतात. इंजिन, तेल, ब्रेक, टायर, बॅटरी आणि खुद्द चालक यांपैकी कोण किती तापणार, त्याला किती तापू द्यायचे आणि थंड ठेवण्यासाठी वेगाची किती किंमत मोजायची, हे ठरवणे त्यांचे काम.

आपल्या भागाला गाड्यांचा हा ताप नवा नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. फियाट ११०० आणि पुढे तिचेच प्रीमियर पद्मिनी हे रूप कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडले. याच कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर होता. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या सहकार्याने ३०९ ही गाडी तिथे तयार झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे काम करणारी फियाट शर्यतीतही उतरली होती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत फेरफार केलेल्या फियाट ११०० गाड्या वर्षानुवर्षे धावल्या. त्याच इंजिनातून जास्त ताकद काढायची म्हणजे जास्त इंधन जाळायचे, आणि जास्त इंधन जाळले की जास्त उष्णता आलीच. शर्यतीची गाडी तयार करणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला हा व्यवहार हाताने कळलेला असतो. थर्मल इंजिनिअर तोच आकड्यांत मांडतो.

जळालेल्या इंधनाचे होते काय?

फॉर्म्युला वनमध्ये २०१४ ते २०२५ या काळात इंजिनाला तासाला जास्तीत जास्त १०० किलो इंधन घेण्याची मुभा होती. एक किलो पेट्रोल जळले की साधारण ४३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. गुणाकार केला तर पूर्ण जोरात धावणाऱ्या गाडीत इंधनातून येणारी शक्ती सुमारे १,२०० किलोवॅट भरते. या काळातली इंजिने कमालीची काटकसरी होती. २०१७ साली मर्सिडीजने आपल्या इंजिनाची कार्यक्षमता चाचणीच्या बाकावर ५० टक्क्यांच्या वर गेल्याचे जाहीर केले. जुन्या रस्त्यावरच्या गाडीत हाच आकडा पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात असे.

म्हणजे जगातल्या सर्वांत काटकसरी पेट्रोल इंजिनातही सुमारे ६०० किलोवॅट उष्णता म्हणून उरतातच. त्यातला मोठा वाटा धुराबरोबर एक्झॉस्टच्या नळीवाटे निघून जातो. बाकीचा पाण्यातून, तेलातून आणि टर्बोने दाबून तापलेल्या हवेतून रेडिएटर आणि कूलर यांच्याकडे येतो आणि तिथून बाहेरच्या हवेत सोडावा लागतो. तो सोडायला उशीर झाला तर आधी तेल पातळ होते, मग हेड गॅस्केट जाते आणि शेवटी इंजिन जाम होते.

ब्रेकचा हिशेब याहून थेट आहे. ८०० किलोची गाडी ताशी ३२० किलोमीटरवरून ८० वर आणायची, तर तिच्या गतीतली जवळपास ३० लाख ज्यूल ऊर्जा दोन-अडीच सेकंदांत काढून घ्यावी लागते. तीस अंशांवरचे दहा लिटर पाणी उकळीला यायला एवढीच ऊर्जा लागते. काही भाग समोरची हवा खाते, काही भाग विजेच्या रूपात परत मिळवता येतो आणि उरलेला सगळा ब्रेकच्या कार्बन चकत्यांत जातो. त्या चकत्या १,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातात आणि संध्याकाळच्या शर्यतीत चाकाच्या आत लालबुंद दिसतात. हवा आतून खेळावी म्हणून एकेका चकतीच्या कडेला हजाराहून अधिक बारीक भोके पाडलेली असतात.

प्रत्येकाचा पारा वेगळा

थंड ठेवणे म्हणजे चांगले, असा आपला समज असतो. शर्यतीत तो खरा ठरत नाही. कार्बनचा ब्रेक थंड असेल तर नीट पकडतच नाही. तो काही शे अंशांवर गेल्यावर कामाला लागतो. टायरचे रबर साधारण शंभर अंशांच्या आसपास रस्त्याला धरून राहते. त्याहून थंड असेल तर गाडी घसरते आणि फार तापले तर रबर लवकर झिजते. म्हणून फॉर्म्युला वनमध्ये टायर गाडीला लावण्याआधी विजेच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून तापवतात. इंजिनाचे भाग इतक्या बारीक मापाने बसवलेले असतात की ते थंड असताना सुरू करणे धोक्याचे. आधी बाहेरून गरम पाणी आणि तेल फिरवतात आणि मगच इंजिन सुरू करतात.

याउलट लिथियम-आयन बॅटरीला माणसासारखेच हवामान मानवते. वीस ते चाळीस अंशांत ती खूश असते. साठ अंशांच्या पुढे तिचे आयुष्य झपाट्याने घटते आणि त्याहून बरेच वर गेल्यास आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. मग आग आवरणे कठीण होते.

एकाच गाडीत हाताच्या अंतरावर हजार अंशांची चकती, शंभर अंशांचा टायर, एकशे वीस अंशांचे पाणी आणि साठच्या आत राहायलाच हवी अशी बॅटरी नांदत असते. पाणी एकशे वीस अंशांवरही उकळत नाही, कारण ते दाबाखाली बंद असते. हवेच्या दुप्पट दाबाला पाण्याचा उकळबिंदू १२० अंश होतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले की तो दाब एका क्षणात जातो आणि सगळे पाणी उसळून अंगावर येते. ड्रायव्हर झाकणाला हात लावू देत नाही तो यासाठीच.

हवा फुकट मिळत नाही

तापणाऱ्या गाडीला मोठा रेडिएटर आणि मोठे तोंड दिले की प्रश्न सुटला, असे वाटेल. रस्त्यावरच्या गाडीचा सुटतोही. शर्यतीच्या गाडीत मात्र रेडिएटरमधून जाणाऱ्या प्रत्येक झोताची किंमत द्यावी लागते. हवा आत घेतली, बारीक जाळीतून ढकलली आणि मागे सोडली की गाडीला हवेचा अवरोध वाढतो आणि सरळ रस्त्यावरचा वेग घटतो. गरज नसताना थंड राहणारी गाडी हळू धावते. म्हणून चांगला थर्मल इंजिनिअर गाडीला सुरक्षित मर्यादेच्या अगदी काठावर चालवतो. शर्यतीच्या शेवटच्या फेरीत पाणी मर्यादेपेक्षा वीस अंशांनी थंड असेल, तर त्याने कुठेतरी वेग वाया घालवला असे समजावे.

शुक्रवारच्या सरावात हे काम जवळून दिसते. गाडीच्या अंगावरचे, गरम हवा बाहेर सोडणाऱ्या खाचांचे पत्रे बदलता येतात. संघ कमी खाचांचे, मध्यम आणि जास्त खाचांचे असे अनेक नमुने बरोबर आणतो. समजा सकाळी हवा २८ अंश आहे आणि रविवारचा अंदाज ३४ चा आहे. अभियंता सकाळच्या फेऱ्यांत थर्मोकपल या तापमापक सेन्सरनी नोंदलेले पाण्याचे, तेलाचे आणि गिअरबॉक्सचे आकडे घेतो, त्यांत सहा अंशांचा फरक मिळवतो आणि पुढच्या गाडीच्या मागे अडकल्यावर किती वाढ होईल तेही जोडतो. हा शेवटचा आकडा मोठा असतो, कारण पुढच्या गाडीने सोडलेली हवा गरमही असते आणि मंदही. या बेरजेवरून कोणता पत्रा लावायचा ते ठरते. पात्रता फेरी सुरू झाली की गाडीत फेरफार करायला फार थोडी मुभा उरते, म्हणून निर्णय वेळेत आणि नेमका लागतो.

तरीही शर्यतीत अंदाज चुकू शकतो. मग चालकाच्या कानात सूचना येते: पुढच्या गाडीच्या वाऱ्यातून थोडे बाजूला ये, स्वच्छ हवा घे, किंवा वळणाच्या आधी ब्रेक दाबण्यापूर्वी थोडा वेळ ॲक्सिलरेटर सोड. फेरीमागे सेकंदाचा काही अंश जातो, पण इंजिन वाचते.

या व्यवहाराला एक देखणी बाजू आहे. १९३०च्या दशकात एफ. डब्ल्यू. मेरेडिथ या ब्रिटिश अभियंत्याने दाखवून दिले की रेडिएटरची नळी नीट आखली, तर आत शिरलेली हवा तापून फुगते आणि जोराने मागे निघते. तिच्या धक्क्याने अवरोधाचा बराच भाग भरून निघू शकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाने याचा उत्तम उपयोग केला. गाडीचा वेग विमानापेक्षा कमी, म्हणून फायदाही थोडा. पण आत येणारी हवा हळू करायची आणि बाहेर जाणारी वेगाने सोडायची, हा नळीचा धडा शर्यतीच्या गाड्यांनी त्यातूनच घेतला.

उन्हाळ्याचा खरा हिशेब

रेडिएटर किती उष्णता सोडेल हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरते. पाणी १२० अंश आणि हवा २० अंश असेल तर फरक १०० अंशांचा. तेच हवा ४० अंश असेल तर फरक ८०. म्हणजे गरम देशात इंजिनाच्या गाडीला साधारण चौथाई हिस्सा जास्त हवा किंवा मोठा रेडिएटर लागतो. त्रास आहे, पण तो झेपण्यासारखा आहे.

आता बॅटरी घ्या. तिची मर्यादा ६० अंश. हवा २० असेल तर फरक ४० अंशांचा, हवा ४० असेल तर फक्त २० चा. हातातली सवलत थेट निम्मी होते. मार्च-एप्रिलमध्ये बदलापूर-कल्याणच्या पट्ट्यात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा विजेच्या गाडीचा अभियंता या अरुंद फटीत काम करत असतो.

विजेच्या शर्यतीचा अनुभव आपल्याकडच्या एका संघाला पहिल्या दिवसापासून आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या महिंद्रा समूहाचा संघ २०१४ साली फॉर्म्युला ई सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या संघांपैकी एक होता. बीजिंगच्या पहिल्या शर्यतीत करुण चंढोक त्यांच्यासाठी धावला आणि २०१७ साली बर्लिनमध्ये फेलिक्स रोसेनक्विस्टने संघाला पहिला विजय मिळवून दिला. पहिली काही वर्षे बॅटरी पूर्ण शर्यतभर पुरत नसे, म्हणून चालक मध्येच गाडी बदलत. २०१८च्या अखेरीस नव्या पिढीच्या गाडीने ही गरज संपवली. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादला हुसेनसागरच्या काठी भारतातली पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली. जाँ-एरिक व्हर्न ती जिंकला.

फॉर्म्युला ई मध्ये बॅटरी सगळ्या संघांना एकच मिळते. कस लागतो तो मोटर, इन्व्हर्टर आणि सॉफ्टवेअरचा. तारेतून जाणारा विद्युतप्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, हा नियम इथे सगळ्यांवर राज्य करतो. एकदम जोर लावून पुढे गेलेला चालक आणि तेवढीच ऊर्जा समंजसपणे वापरणारा चालक, यांच्या बॅटरी वेगवेगळ्या तापतात. २०२३ पासूनच्या गाडीत ब्रेक लावताना ६०० किलोवॅटपर्यंत वीज परत घेता येते. ती वीज बॅटरीत शिरतानाही तापवतेच. खर्च आणि भरणा, दोन्ही वेळा ताप. दोन सत्रांच्या मधल्या वेळेत गाडी उभी असताना संघ ड्राय आइसवरून पंख्याने हवा सोडून तिला थंड करतात, म्हणजे पुढच्या फेरीला निदान सुरुवात तरी खालच्या अंकावरून होते.

दमट हवा आणि चालक

गाडीला हवेच्या दमटपणाने विशेष फरक पडत नाही. रेडिएटर कोरडा असतो. त्याला फक्त हवेचे तापमान कळते. माणूस मात्र घामाने थंड होतो, आणि घाम वाळला तरच उपयोगी पडतो. ठाण्याच्या खाडीकाठी ३६ अंशांत जीव घाबरा होतो आणि विदर्भात त्याहून चढ्या पाऱ्यातही सावलीत बसवते, त्यामागे हेच आहे. भारतीय हवामान खाते किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा विचार ३७ अंशांपासून आणि मैदानी भागासाठी ४० अंशांपासून करते. म्हणून संघाचा अभियंता दोन पारे वाचतो. गाडीसाठी साधा, आणि चालकासाठी ओल्या कापडात गुंडाळलेला. वाळणाऱ्या घामाने शरीर किती थंड होऊ शकेल ते हा दुसरा सांगतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यत झाली, तेव्हा उष्म्यामुळे तिच्या फेऱ्या २४ वरून २१ वर आणाव्या लागल्या. दुसरा आलेला होर्हे मार्टिन शरीरातले पाणी कमी झाल्याने शर्यतीनंतर कोलमडला. दोनच आठवड्यांनी कतारमध्ये फॉर्म्युला वनच्या लोगन सार्जंटला प्रकृतीमुळे शर्यत सोडावी लागली, तर एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. अंगावर आग न लागणारा जाड पोशाख, शेजारी तापलेले इंजिन आणि पुढे दीड-दोन तास. अशात चालकाचे दोन-तीन किलो वजन घामावाटे जाते आणि त्याच थकलेल्या मेंदूने त्याला ताशी ३०० किलोमीटरवर निर्णय घ्यायचे असतात. या घटनांनंतर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने २०२५ पासून नियम केला: उष्म्याचा निर्देशांक ठरावीक मर्यादेच्या वर जाणार असेल तर गाडीत चालकासाठी शीतन यंत्रणा बसवावी लागते. थंड द्रव फिरवणारी बनियन हे तिचे रूप. माणूसही आता थर्मल इंजिनिअरच्या वहीत नोंदला गेला आहे.

इथून तिथपर्यंत

डोंबिवली-ठाण्याच्या मुलीला किंवा मुलाला या कामाचा पहिला धडा कुठे मिळेल? लोकलच्या अंतरावर. विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग इंडिया आणि पवईचा आयआयटी बॉम्बे रेसिंग हे विद्यार्थ्यांचे संघ स्वतःच्या हाताने एका चालकाची शर्यतीची गाडी बांधतात. देशातले असे संघ कोइम्बतूरच्या कारी सर्किटवर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत उतरतात, काही इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन किंवा जर्मनीपर्यंत जातात.

या स्पर्धेची सर्वांत कठीण कसोटी सुमारे २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स. तिच्या मध्यावर चालक बदलतो. इंजिन बंद करायचे आणि दुसरा चालक बसला की पुन्हा सुरू करायचे. अनेक गाड्या इथेच संपतात. इंजिन बंद होताच त्याच्यावर चालणारा पाण्याचा पंप थांबतो. पण इंजिनाचे तापलेले हेड लगेच थंड होत नाही. ते उभ्या पाण्याला तापवत राहते. आत वाफेचे बुडबुडे होतात, पाणी ढकलले जाऊन ओव्हरफ्लोच्या डब्यात सांडते आणि गाडी पुन्हा सुरू झाली तरी आत पाणी कमी असते. दोन फेऱ्यांत पारा चढतो. नियमाने कूलंट घालता येत नाही, फक्त साधे पाणी. कूलंट सांडले तर रस्ता निसरडा होतो. उपाय म्हणून संघ पंप आणि पंखा विजेवर घेतात, म्हणजे इंजिन बंद असतानाही पाणी फिरत राहते. मग बॅटरीचे वजन वाढते आणि तेही भरून काढावे लागते. विजेच्या गटात तर कोणताही सेल ६० अंशांपलीकडे गेला की गाडीची यंत्रणा स्वतःच वीज तोडते.

या एका गाडीत संपूर्ण विषय आहे. मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमातले हीट ट्रान्सफर आणि फ्लुइड मेकॅनिक्स हे पेपर इथे पास होण्यापुरते उरत नाहीत. हवेचा प्रवाह संगणकावर मांडणे, सेन्सर योग्य जागी बसवणे, हजारो नोंदींतून खरा कल शोधण्यासाठी थोडा कोड लिहिणे, आणि आकडा चुकीचा वाटला तर हातात पाना घेऊन सेन्सरच तपासणे, ही सवय लागते. परदेशातल्या संघात जायचे असेल तर हाच अनुभव मुलाखतीत बोलतो.

शर्यतीबाहेर

या विद्येचे सर्वांत मोठे काम शर्यतीच्या बाहेर आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याच्या कडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली आणि त्या उन्हाळ्यात देशभर अशा घटना घडल्या. त्यानंतर केंद्राने विजेच्या दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक केले. एक सेल बिघडून तापला तर आग शेजारच्या सेलांत पसरून प्रवाशाला धोका होऊ नये, याची चाचणी त्यात आली. ठाणे परिवहनच्या ताफ्यात आता विजेच्या बस आहेत. कल्याण-डोंबिवलीत घरोघरी स्कूटर भर उन्हात उभ्या राहतात आणि संध्याकाळी चार्जिंगला लागतात. शर्यतीत वीस-तीस गाड्या असतात आणि त्यांच्याभोवती शेकडो अभियंते. रस्त्यावर लाखो गाड्या आहेत आणि त्यांच्यामागे कोणी लॅपटॉप घेऊन बसलेले नाही. तिथे जे काही करायचे ते गाडी कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच करावे लागते.

थंड देशातल्या अभियंत्याला बॅटरी आणि हवा यांच्यात चाळीस अंशांची जागा मिळते. आपल्याला उन्हाळ्यात वीसच. त्या वीस अंशांत गाडी सुरक्षित आणि स्वस्त चालवून दाखवण्याचे काम युरोपातल्या प्रयोगशाळेवर सोपवून भागणार नाही, कारण हा प्रश्न त्यांच्या आधी आपल्यालाच पडला आहे. ज्या मुलामुलींनी विद्यार्थ्यांच्या छोट्या गाडीवर पारा आणि वेग यांचा ताळा जमवला, त्यांच्याकडे या कामाची तयारी आहे. त्यांना तशी संधी, तसे चाचणीचे बाक आणि तशी नोकरी इथेच देणे, ही आता कारखान्यांची आणि महाविद्यालयांची जबाबदारी आहे.